कायम नोकरी, बदलीची वेळ

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

नव्या वर्षाच्या मेडिक्लेमची माहिती द्यायला आज एचआरच्या मॅडम आमच्या मजल्यावर आल्या होत्या. नवरा, मुलगी आणि आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एक जोडी, सगळ्यांचा हप्ता कंपनी भरणार. सासूबाईंचा मधुमेह पहिल्या दिवसापासून धरलेला. बाहेर स्वतः पॉलिसी घ्यायला गेलं तर अशा जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. शिवाय पीएफ वेळच्या वेळी जमा होतो, कॅन्टीनचं जेवण बरं असतं, उशिरा सुटलं तर घरापर्यंत गाडी मिळते, पाळणाघराशी करार आहे. गिरगावात आमच्या चाळीतल्या बायकांना हे सांगितलं की त्या म्हणतात, "नशीब काढलंस."

खरंच काढलंय. म्हणून पुढचं वाक्य लिहायला संकोच वाटतो. उद्या मंगळवारी कामावर सकाळी सातला जायचंय की दुपारी दोनला, ते रात्रीचे साडेनऊ वाजले तरी मला माहीत नाही.

या वहीत ऑफिसातल्या माणसांची नावं लिहिणार नाही. आम्ही एकमेकांना तशीही गाडीवरूनच ओळखतो. एक डोंबिवलीची, एक विरारची, एक करी रोडचा. टीम चालवतात ते सर.

८ ऑगस्ट, गुरुवार

आमचं काम दुसऱ्यांचे मेडिक्लेम मंजूर करण्याचं. लोअर परळला, जिथे एकेकाळी गिरणी होती त्या आवारातल्या काचेच्या इमारतीत बसून आम्ही हॉस्पिटलांतून येणारे कॅशलेसचे अर्ज तपासतो. गेल्या मे महिन्याच्या २९ तारखेला विमा नियामकानं, म्हणजे इर्डाईनं, नवं परिपत्रक काढलं. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा, डिस्चार्जच्या वेळची शेवटची मंजुरी तीन तासांत. ३१ जुलैपर्यंत तयारी पुरी करा, असंही त्यात होतं.

नियम चांगला आहे. बरं वाटलेला पेशंट कपडे बदलून, पिशवी भरून, केवळ आमच्या मंजुरीसाठी संध्याकाळपर्यंत कॉटवर बसून असतो, हे मी घरच्या आजारपणात पाहिलंय. त्याचा एक तास वाचवणं हे समाधानाचं काम आहे, आणि आमच्यातल्या बहुतेकांना ते आवडतं.

तयारीला दोन महिने होते. दिवसातल्या कुठल्या तासाला अर्ज जास्त येतात हे आम्हाला पाठ आहे. डॉक्टरांची फेरी झाली की डिस्चार्जची रांग लागते, तेव्हा माणसं जास्त हवीत, आमचे डॉक्टर जागेवर हवेत. हे कागदावर मांडायला एक दुपार पुरली असती. झालं काय, तर तीन वेगवेगळ्या एक्सेल शीट आणि एक नवा व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळी सर म्हणतात, डिस्चार्ज आधी. बाराला कुठल्या तरी मोठ्या ग्राहक कंपनीचा फोन येतो, की त्यांची प्रकरणं आधी. पाचला वरून विचारणा होते, पेंडन्सी इतकी कशी? मग सर ग्रुपवर सगळ्यांसमोर एकाला धरतात. आज करी रोडच्या मुलाची पाळी होती. त्यानं बाराच्या हुकमाप्रमाणे काम केलं होतं आणि त्याला जाब विचारला गेला तो सकाळच्या हुकमाचा.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी, निदान मला. मुलीला घेऊन लालबागला मामांकडे गेले. गणेशोत्सवाचा मांडव उभा राहू लागल्यानं गल्लीत बांबूच बांबू.

मामा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पहिली काही वर्षं बदली. बदलीवाल्यानं पाळी सुरू व्हायच्या वेळी खात्यात हजर राहायचं. कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर काम, आला तर आल्या पावली घरी. आज काम आहे की नाही, हे घरातून निघताना ठाऊक नसे. कोणाला घ्यायचं, ते जॉबर ठरवी. मामा म्हणाले, "पगार गिरणी द्यायची, पण त्या दिवसाचं मशीन जॉबर द्यायचा. म्हणून सलाम त्याला."

मी रोस्टरचं सांगितलं. रात्री दहानंतर दुसऱ्या दिवसाची पाळी ग्रुपवर येते, कधी तीही पहाटे बदलते. मामांना आधी पटेना. "तू तर कायम आहेस ना?" मी म्हटलं, हो, पत्र आहे, पीएफ आहे, सगळं आहे. ते जरा वेळ पंख्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग तू कायम, नि तुझा वेळ बदली."

मामांच्या पिढीचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पगारवाढ आणि बोनस या मागण्या सगळ्यांना आठवतात. बदली कामगारांना कायम करा, हीही मागणी त्यात होती. मामा आजही तिचा उल्लेख पगाराच्या आधी करतात.

२० ऑगस्ट, मंगळवार

गौरी-गणपतीच्या रजेचा अर्ज पोर्टलवर जुलैतच टाकला होता. माझ्या खात्यावर रजा भरपूर शिल्लक आहे. पोर्टलवर हिरव्या अक्षरांत आकडा दिसतो. अर्जापुढे मात्र 'प्रलंबित'. आज सरांना विचारलं. ते म्हणाले, "बघू या, व्हॉल्यूम कसा आहे त्यावर." व्हॉल्यूम कसा आहे हे सप्टेंबरात कळणार आणि गावाकडची गाडी सहा तारखेची. यंदा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडलं, म्हणून तिकिटं मेमध्येच काढून ठेवलीत. माझ्या सणाच्या तारखा कोकण रेल्वेला चार महिने आधी कळल्या, सरांना पंधरा दिवस आधीही कळत नाहीत.

विरारवाली हळूच म्हणाली, "तू त्यांना शनिवारचं जास्तीचं काम करून दे, मग देतील." तिनं रक्षाबंधनाची रजा तशीच मिळवली. हक्काची रजा अशी कमवावी लागते. गिरण्यांत रजा किंवा काम मिळवायला जॉबरला द्यावी लागे ती दस्तुरी. आमच्याकडे पैसे कोणी मागत नाही, मागणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी जाईल. आमची दस्तुरी शनिवारच्या रूपात वसूल होते.

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळी पोहे टाकले आणि ग्रुपवर सरांचा निरोप: "जे ऑनलाइन आहेत त्यांनी दोन-दोन केसेस उचला." कोणाचंही नाव नाही. नाव नसलं की प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच म्हटलंय. तिघांनी एकच केस उचलली, दोन केस कोणीच उचलल्या नाहीत.

दुपारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी वाचत बसले. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. मागण्या अशा: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. आणि आधीच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली.

या यादीतलं बहुतेक सगळं वेळेविषयी आहे. पगारवाढीचं कलम त्यात नाही, पगाराची तारीख मात्र आहे. दिवस कधी सुरू होतो, कधी थांबतो, मधे कधी श्वास घेता येतो आणि पैसे कोणत्या दिवशी येतात, एवढं ठरवून द्या, असं ते लोक म्हणत होते. ठरलेली वेळ ही चैन नव्हे, हे अक्षरओळखही नसलेल्या हजारो माणसांना १४० वर्षांपूर्वी कळलं होतं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

डोंबिवलीची बाळंतपणाच्या रजेवरून परत आली. २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. आमच्या कंपनीनं त्यात चिंचोकेसुद्धा वाचवले नाहीत. रजेत तिला फुलं पाठवली, बाळाला झबली-टोपरी पाठवली, बाळाचं नाव पॉलिसीत घालून घेतलं.

ती आली तेव्हा तिचं काम दुसऱ्याकडे गेलेलं होतं. ती गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांची प्रकरणं बघायची, त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता तिला फायलींची नावं तपासायला बसवलंय. "तुला त्रास नको म्हणून," सर म्हणाले, आणि मला वाटतं, ते मनापासूनच म्हणाले. तिला काय हवंय हे विचारायचं राहून गेलं. पाळणाघर सात वाजता बंद होतं आणि तिची पाळी साडेसातला संपते. कंपनीची ही सोय चोख आहे, कंपनीचं हे रोस्टरही नियमात बसतं, पण दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आलीत हे बघणारं मधे कोणी नाही. टीम सांभाळणाऱ्याचं काम मला वाटतं हेच असावं.

५ सप्टेंबर, गुरुवार

रजा नामंजूर. कारण: "टीममधले तिघे आधीच रजेवर." त्या तिघांचे अर्ज माझ्यानंतरचे. नवरा, मुलगी आणि सासूबाई उद्या जातील. माझं तिकीट रद्द केलं.

११ सप्टेंबर, बुधवार

गौरीपूजन. मी ऑफिसात. करी रोड स्टेशनवरून लालबागकडे जाणारी रांगच रांग, त्यात उलट दिशेनं वाट काढत आमचा करी रोडवाला पोहोचला तेव्हा घामानं भिजला होता. विरारवालीनं घावन-घाटलं डब्यात आणलं. कॅन्टीननं उकडीचे मोदक ठेवले होते, सोबत साजूक तूप. मोदक उत्तम होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

आणि व्हॉल्यूम? सणामुळे ठरवून करायच्या शस्त्रक्रिया लोकांनी पुढे ढकललेल्या, दुपारी तीननंतर स्क्रीनवर फारसं काही नव्हतं. मागच्या वर्षीचे आकडे कोणी उघडून पाहिले असते तर हे जुलैतच दिसलं असतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

कालपासून सगळ्यांच्या फोनवर एकच पत्र फिरतंय. पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीत मार्चमध्ये रुजू झालेली २६ वर्षांची सीए मुलगी जुलैत गेली. तिच्या आईनं कंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलंय. कामाच्या ओझ्यानं मुलगी खचली, असा आईचा आरोप आहे. कंपनीला तो मान्य नाही. केंद्रीय श्रम मंत्रालय चौकशी करणार, अशी बातमी आहे. निकाल देणारी मी कोण?

पण त्या पत्रातला एक तपशील मी दोनदा वाचला. आई लिहिते, की टीममधले अनेक जण ओझ्यामुळे सोडून गेले होते, आणि वरिष्ठानं मुलीला सांगितलं, की तू टिकून राहा नि टीमबद्दलचं लोकांचं मत बदलून दाखव. म्हणजे टीम बिघडलीय हे वरिष्ठालाही ठाऊक होतं. ती दुरुस्त करण्याची जबाबदारी त्यातल्या सगळ्यांत नव्या मुलीच्या खांद्यावर गेली.

एचआरकडून दुपारी मेल आला: शनिवारी मनःस्वास्थ्यावर वेबिनार, सर्वांनी जोडून घ्यावं. शनिवारी आमच्या अर्ध्या टीमची पाळी आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

डोंबिवलीनं राजीनामा दिला. जाताना भरायच्या फॉर्मवर तिनं कारण लिहिलं: "अधिक चांगली संधी." नवी नोकरी तिच्या हातात नाही. मी म्हटलं, खरं का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "पुढच्या कंपनीनं इथे फोन केला तर?" कंपनीच्या दप्तरात आमच्या टीममधून माणसं नेहमी चांगल्या संधीसाठीच जातात. एकेकटा माणूस गेला की त्याची तक्रारही त्याच्याबरोबर लिफ्टनं खाली जाते.

मी का जात नाही, याचा हिशेब आज कागदावर मांडला. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात: शेवटचा पगार, त्याला पंधरानं गुणायचं, सव्वीसनं भागायचं, मग जितकी वर्षं तितक्या पट. माझी पाच वर्षं अजून भरायची आहेत. सासूबाईंचा मधुमेह नव्या कंपनीच्या पॉलिसीत बसेल की नाही, माहीत नाही. मुलीची शाळा गिरगावात. सोयी माणसाला धरून ठेवतात, तेवढ्यासाठीच त्या दिलेल्या असतात आणि त्यात काही वाईट नाही. वाईट हे, की माणसं टिकून आहेत म्हणजे टीम बरी चाललीय, असा अर्थ वर काढला जातो.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. संध्याकाळी सर आणि मी एकाच वेळी बाहेर पडलो. ना. म. जोशी मार्गावरून स्टेशनकडे चालताना ते आपणहून बोलू लागले. ते मूळचे आमच्यासारखेच क्लेम तपासणारे, फार हुशार, म्हणून बढती मिळाली. बढतीबरोबर लॅपटॉप बदलून मिळाला, पगार वाढला. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, ते कोणी शिकवलं नाही. "मलाही रात्री साडेनऊलाच कळतं, उद्या किती माणसं लागणार," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, हे तुम्ही आम्हाला सांगत का नाही?" त्यावर ते म्हणाले, "मग तुम्ही म्हणाल, यांना काही माहीतच नसतं."

ज्यांच्या नावाच्या रस्त्यानं आम्ही चाललो होतो, ते ना. म. जोशी मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनचे सभासद होते. त्या कमिशनचा अहवाल १९३१ चा. कामगार ठेवणं-काढणं जॉबरच्या हातून काढा, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा, अशी शिफारस त्यात होती. हे लेबर ऑफिसर म्हणजे आजच्या एचआरचे पूर्वज. जॉबरची दुसरी बाजू मात्र इतिहासकार राजनारायण चंदावरकरांच्या लेखनात सापडते. ते दाखवतात, की जॉबर वाटतो तेवढा सर्वशक्तिमान नव्हता. मालकाला वेळेवर माणसं पुरवायची आणि माणसांनाही राखायचं, अशा दोन्हीकडच्या ओढाताणीत तो असे. कामगार आणि जॉबर एकाच वस्तीत राहत. फार छळलं तर माणसं त्याला सोडून दुसऱ्याकडे जात, आणि वस्तीत त्याची पत जाई.

आमच्या सरांवर वरचा दाब तेवढाच आहे, खालचा धाक मात्र नाही. ते ठाण्याला राहतात, मी गिरगावात, करी रोडवाला करी रोडला. एका नळावर, एका आखाड्यात, एका खानावळीत आमची गाठ पडत नाही. त्यांनी कसं वागावं हे त्यांना सांगणारी वस्तीच उरलेली नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्री रतन टाटा गेले. ऑफिसात दिवसभर तोच विषय, मालक असावा तर असा. टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ ला पेन्शन आणि १९०१ ला भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला, जमशेदपूरला १९१२ ला आठ तासांचा दिवस, कायदा यायच्या कितीतरी आधी. सोयींची ही परंपरा जुनी आणि आदरानं आठवावी अशीच आहे. तरी जमशेदपूरला १९२० मध्ये संप झाला, १९२२ आणि १९२८ मध्येही झाले. सोयी चांगल्या असल्या म्हणजे माणसांना म्हणायचं काही उरत नाही, असं तिथेही घडलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही एक पानाचं पत्र तयार केलं. सरांविरुद्ध एक अक्षर नाही. तीन गोष्टी मागितल्या. पाळ्यांचं रोस्टर पंधरा दिवस आधी मिळावं. रजेच्या अर्जावर तीन दिवसांत, लेखी, हो किंवा नाही. दिवसभरातलं काम कोणत्या क्रमानं करायचं, ते एकाच माणसानं एकाच यादीवर ठरवावं. पैसा यातल्या कशालाच लागत नाही. सही करताना विरारवाली म्हणाली, "आपण युनियनवाले झालो का गं?" करी रोडवाला म्हणाला, "एका पानात कसली युनियन!" आणि सही करून पेन पुढे दिलं. पत्र आधी सरांना दाखवलं. त्यांनी सही केली नाही, पण अडवलंही नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर आलं. रोस्टर दहा दिवस आधी मिळेल. रजेच्या अर्जाला तीन कामकाजी दिवसांत उत्तर आलं नाही तर तो आपोआप सरांच्या वरिष्ठांकडे जाईल. तिसरी मागणी विचाराधीन. म्हणजे बाराचा तो फोन अजून येत राहणार आणि पाचला कोणाला तरी बोलणी बसणार. एका पत्रात अख्खी टीम सुधारत नसते, पण अर्ज कोणाच्या मर्जीवर लटकलाय हे आता निदान तारखेनिशी दिसेल.

दिवाळीचं रोस्टर सरांनी, पहिल्यांदाच, सगळ्यांना बसवून केलं. हॉस्पिटलं दिवाळीत बंद नसतात, कोणाला तरी यावंच लागणार. चिठ्ठ्या टाकू, असं करी रोडवाल्यानं सुचवलं. सरांनीही आपली चिठ्ठी टाकली, त्यांची नरकचतुर्दशीची सकाळ निघाली. माझी निघाली १ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाची दुपारची पाळी. घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आत्ताच कळलं ते बरं झालं, आपण पूजा पाडव्याच्या सकाळी सगळ्यांनी मिळून पुन्हा करू." मुलीनं कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल काढला आणि मी विरारवालीला फोन करून विचारलं, त्या दिवशी डब्याला काय आणतेस.